अठ्ठ्याऐंशी आणि नव्व्याण्णव

वाल्दिव्हिया,
१८ एप्रिल २००४

चि. सौ. मिरेया हिस,
तेन्चाताईचे अ. आ. वि. वि.

दुकानातल्या फोनवर बोलायचं म्हणजे निम्मं बेट कान टवकारून उभं असतं. मला तुझ्याशी बोलायचंय, बेटाशी नाही. म्हणून हे पत्र.

तुझी यास्ना खुशाल आहे. पहिले काही दिवस ताटातलं चिवडत बसायची, आता मागून घेते. तुमच्या बेटावरची शाळा सहावीपर्यंतच, पुढे वसतिगृहात टाकण्यापेक्षा मावशीकडे राहू दे असं आपण ठरवलं, तेव्हा नेल्सन जरा कुरकुरला होता. आता तोच टॅक्सीच्या फेऱ्या आटोपून येताना दोघींसाठी गरम पाव आणतो. माझ्या कोनीच्या खोलीत दुसरी खाट आरामात मावली. शाळेतही दोघी एकाच वर्गात आहेत, सातवीत. दोघींचा फोटो सोबत ठेवलाय, पाहा.

एक सांगते, मनाला लावून घेऊ नकोस. वर्गशिक्षिका ग्लादिस बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, हिला ऐकू नीट येतं ना? विचारलेल्याचं उत्तर देत नाही, हात वर करत नाही, खिडकीबाहेर बघत बसते. मी म्हटलं, बाई, बेटावरची मुलगी, बुजलीय. लागेल हळूहळू वळण.

आता खरी बातमी. इथल्या विद्यापीठाने विशेष बुद्धीच्या मुलांसाठी शनिवारचे वर्ग काढलेत, अगदी फुकट. प्रयोगशाळा काय, दुर्बीण काय, शिकवायला खुद्द प्राध्यापक! पुढल्या मार्चपासून सुरू होतील. आधी शिक्षकांनी नावं सुचवायची, मग चाचणी, मग मुलाखत. आणि ग्लादिस बाईंच्या यादीत सगळ्यात वर कुणाचं नाव असेल? आमच्या कोनीचं, कोन्स्तान्साचं! सातपैकी सहा पूर्णांक आठ सरासरी, अक्षर छापल्यासारखं, बाईंच्या तोंडून शब्द पडायचा अवकाश की हिचा हात वर. नेल्सनला सांगितलं तर म्हणाला, अजून परीक्षा व्हायचीय, तू आत्ताच पदवीची टोपी शिवायला टाकू नकोस. या माणसाला आनंद कसा तो करताच येत नाही.

यास्नाचं नाव यादीत नाही. साहजिकच आहे. तिला आधी शहर तर कळू दे.

ओर्लांदोला समुद्रावर जपून जायला सांग. बेटाने आमची आठवण आणि तू आमच्यावरची माया, दोन्ही टिकवा.

तुझी
तेन्चाताई

~

आचाओ,
६ मे २००४

ती. ताईस,
धाकटीचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, फोटोही पोचला. फोटोतली एक मुलगी कोनी आहे. दुसरी कोण?

ताई, तिचे केस कुणी कापले? कमरेपर्यंतचे केस होते माझ्या लेकीचे. बारा वर्षं दर रविवारी चुलीपुढे बसवून मी विंचरले. उवा झाल्या म्हणशील. झाल्या असतील. बेटावरही होतात, आम्ही बारीक फणीने काढतो. कात्री घेण्याआधी दोन ओळी लिहिल्या असत्यास तर हात झिजला नसता तुझा.

तिची पत्रं येतात. त्यात मावशी असं म्हणाली, मावशीने तसं दिलं, मावशीकडे चूल पेटवावी लागत नाही, कळ फिरवली की पाणी गरम. वाचून बरं वाटतं, आणि वाटत नाहीही. ओर्लांदो म्हणतो, तू तिला मावशीकडे पाठवलीस, मग मावशीचं कौतुक ऐकायला लागणारच. पुरुषांचं गणित सरळ असतं.

कोनीचं नाव पहिलं आलं, आनंद झाला. गुणीच आहे पोर.

ऐकू येतं का विचारलं, त्यावर हसू आलं. तिला जरा जास्तच ऐकू येतं. आमच्या शाळेत पहिलीपासून सहावीपर्यंत सगळी एकाच खोलीत. ही दुसरीत असताना गुरुजी पलीकडे सहावीच्या मुलांना गणित घालायचे, आणि ही इकडून उत्तर देऊन मोकळी! मोठी मुलं चिडायची. शेवटी गुरुजींनी दटावलं, ज्याला विचारलंय त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. तेव्हापासून थांबते. फुशारकी मारते असं समजू नकोस, तू विचारलंस म्हणून लिहिलं.

बसवाल्याबरोबर धुरावलेले शिंपले पाठवलेत. नेल्सनभावजींना आवडतात. यास्नालाही आवडतात, आठवत असेल तर.

तुझी माया मलाही थोडी येऊ दे, सगळी तिच्यावरच खर्चू नकोस.

तुझी
मिरेया

~

वाल्दिव्हिया,
२० जून २००४

चि. सौ. मिरेयास,
अ. आ. वि. वि.

केसांवरून किती बोललीस गं! घरभर उवा झाल्या होत्या. औषधाच्या दुकानात काम करणारीच्या घरात उवा, हे बरं दिसलं असतं? वाढतील पुन्हा. तिला स्वतःला तर मान हलकी झाल्यासारखी वाटते म्हणाली.

चाचणी झाली. आधी वाटलं होतं बाईंच्या यादीतलीच मुलं बसतील, पण विद्यापीठातून रिकेल्मे म्हणून एक मानसशास्त्रज्ञ बाई आल्या, वयाने फारशा मोठ्या नाहीत, आणि म्हणाल्या की सगळा वर्ग बसेल. का? तर शिक्षकांच्या यादीत नीटनेटकी, बोलकी, शहाणी मुलं येतात आणि गप्प बसणारी सुटून जातात. ग्लादिस बाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता म्हणे. मलाही पटलं नाही. रोज मुलांना बघणारी बाई चुकणार, आणि तासाभरासाठी आलेली बरोबर?

चाचणीत निबंध नाही, गणितही नाही. चौकोनात नक्ष्या काढलेल्या असतात, एक तुकडा रिकामा. खाली सहा तुकडे. त्यातला कुठला बसेल ते ओळखायचं. शब्दच नाहीत, म्हणजे पुस्तकं वाचणाऱ्याला फायदा नाही आणि न वाचणाऱ्याला तोटा नाही, असं त्यांचं म्हणणं. मला काय कळायचंय? दुकानातल्या एका मैत्रिणीने सांतियागोहून सरावाची पुस्तकं मागवून दिली. दीड महिना रोज संध्याकाळी मी कोनीला घेऊन बसले. स्वप्नातसुद्धा चौकोन दिसायला लागले आम्हाला. यास्नाला म्हटलं, तू कशाला डोकं शिणवतेस, बटाटे सोल. सोलले बिचारीने. स्वभावाने चांगली आहे, नाही म्हणत नाही.

कोनी म्हणते, सोपी गेली, काही तर पुस्तकातलीच होती. यास्ना सगळ्यांच्या आधी पेन्सिल ठेवून खिडकीबाहेर बघत बसली. अर्धी कोरीच सोडली असणार.

शिंपले संपले. नेल्सन आणि यास्नाने मिळून संपवले, आणि ती तुमच्या पाककृतीचं सांगत होती तर हा असा ऐकत होता की जणू रेडिओवर फुटबॉलचा सामना लागलाय. कोनी काही सांगायला लागली की मात्र याला जांभया.

आईच्या जागी आहे मी तुझ्या, हे विसरू नकोस म्हणजे झालं.

तुझी
ताई

~

वाल्दिव्हिया,
१२ ऑगस्ट २००४

चि. मिरेयास,
अ. आ.

निकाल आला. कोन्स्तान्सा अठ्ठ्याऐंशी. यास्ना नव्व्याण्णव.

तुला आनंद होईल म्हणून लगेच कळवते आहे.

आमच्या घरात काय झालं ते विचारू नकोस. दीड महिना घासलेल्या मुलीला शंभरात अठ्ठ्याऐंशी, आणि बटाटे सोलणारीला नव्व्याण्णव! नेल्सन ओट्याशी उभा राहून मोठ्याने हसला आणि यास्नाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, अगं, आमच्या घरात हे कोण येऊन राहिलंय! कोनी तिथेच उभी होती. बाप आहे की कोण?

वर पंचवीसच मुलं घेणार. पंच्याण्णवच्या खाली कुणाला मुलाखतीला बोलवत नाहीत. म्हणजे कोनी संपली.

मी शाळेत जाऊन बोलले. दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या, ते बाईंच्या कानावर घातलं. मी कुणावर आळ घेत नाही. पण सरावाची पुस्तकं माझ्याच घरात टेबलावर पडलेली असायची, आणि मुलींचे डोळे काही मी बांधून ठेवले नव्हते. चौकशी करायची ती करा म्हटलं. आपल्या मनात काही ठेवायचं नाही, हा माझा स्वभाव.

ओर्लांदोला आशीर्वाद.

ताई

~

आचाओ,
२४ ऑगस्ट २००४

ती. ओर्तेन्सियाताईस,
सा. न.

तेन्चा म्हणवत नाही, म्हणून पूर्ण नाव. पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, मला नीट वाचता येत नाही.

माझ्या मुलीला तू चोर म्हणालीस. तिच्या बाईंना जाऊन सांगितलंस. आणि वर म्हणतेस आळ घेत नाही. बरं, आपण तुझंच धरू. तिने कोनीचं पाहून लिहिलं. मग मला अडाणीला एवढंच समजाव की ज्याच्याकडून चोरलं त्याच्यापेक्षा चोराच्या घरात जास्त माल कसा सापडला?

ताई, तू लहानपणापासून अशीच. शाळेच्या नाटकात माझी निवड झाली तेव्हा तुला ताप भरला आणि आई तुझ्या उशाशी बसली. माझं नाटक पाहायला कुणीच आलं नाही. तेव्हा मला कळत नव्हतं. आता कळतं. तुला घर मिळालं, शहर मिळालं, रोज संध्याकाळी घरी येणारा नवरा मिळाला. माझा महिन्यातले वीस दिवस समुद्रातल्या शिंपल्यांच्या शेतीत दोऱ्यांवर लोंबकळतो. मी कधी नजर लावली त्याला? आणि माझ्या पदरात एक पोर जरा उजळ निघाली, तर तुझ्या पोटात आग.

आणि खरं सांगू? ती बातमी वाचून मलाही निर्भेळ आनंद झाला नाही. आधी वाटलं, संपलं. आता ही परत येत नाही. ही तुमची झाली, शहराची झाली, त्या रिकेल्मे बाईंची झाली. माझ्याकडे तिची जुनी चप्पल राहील.

तर ऐक. पुढल्या महिन्यात राष्ट्रीय सणाला मी येते आणि तिला घेऊन जाते. वसतिगृहात टाकीन, नाहीतर इथेच बटाटे लावेल. बटाटे सोलायची सवय तू लावलीच आहेस. तुमच्या शनिवारच्या वर्गांना आईबापांची सही लागते असं ती लिहिते. माझी सही मिळणार नाही.

लोभ या वेळी मागत नाही.

मिरेया

~

वाल्दिव्हिया,
९ सप्टेंबर २००४

चि. मिरेयास,
अ. आ. वि. वि.

आशीर्वाद घे न घे, मी मोठी आहे, लिहिणारच.

चौकशी झाली. ती अशी झाली की माझीच झाली. रिकेल्मे बाईंनी यास्नाला एकटीला विद्यापीठात बोलावलं, दुसरी, जास्त अवघड चाचणी दिली. पुस्तकं नाहीत, शेजारी कोणी नाही. मी बाहेर व्हरांड्यात लाकडी बाकावर बसले होते. दार उघडून बाई हसत बाहेर आल्या, तेव्हाच मला कळलं. आकडा तोच आला. एका प्रश्नात तिने चुकीचा तुकडा निवडला होता. का म्हणून विचारलं तर म्हणाली, मला सहातला एकही पटला नाही, आणि कागदावर सातवा काढून दाखवला. बाईंनी तपासला. तोही नियमात बसत होता. वर्गात उत्तर का देत नाहीस विचारलं, तर म्हणाली, मला नाव घेऊन कुणी विचारत नाही, आणि ज्याला विचारलंय त्यानेच बोलायचं असतं.

मी बाईंना सरळ म्हटलं, माझ्या मुलीला अकरा गुण कमी का? त्यांनी मला खुर्ची दिली. मिरेया, ते गुणच नाहीत! एवढे दिवस मी मूर्खासारखी गुण समजून रडत होते. याच वयाची शंभर मुलं बुद्धीप्रमाणे रांगेत उभी केली तर अठ्ठ्याऐंशी कोनीच्या मागे असतील, एवढाच त्याचा अर्थ. यास्नाच्या मागे नव्व्याण्णव. मी म्हटलं, मग मध्ये अकराच मुलं की. तर म्हणाल्या, रांग सारखी नसते. मध्यभागी मुलं खांद्याला खांदा लावून उभी असतात, एक उत्तर जास्त आलं की दहा जणांच्या पुढे जाता येतं. टोकाला माणसं विरळ. तिथे एकेक पाऊल पुढे जायला फार चालावं लागतं.

पुढे म्हणाल्या, ही एका दिवसाची, एका तऱ्हेची चाचणी. आकड्याला थोडं इकडेतिकडे सरकायची मुभा द्यावी लागते, म्हणून तर मुलाखत असते, कामाचे नमुने बघतात, शिक्षकांना विचारतात. एका आकड्यावर कुणी मूल ठरवत नाही. मग हळूच विचारलं, घरी सराव केला होता का? मी हो म्हटलं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, आणि मला कळलं. शिकवून ठेवलेल्या मुलीला नवीन कोडं किती सुटतं ते त्यातून कळतच नाही. कोनीचा आकडा खरा किती, ते आता मलाही माहीत नाही, तिलाही नाही. ते मी केलं.

शाळेत जाऊन मी माझे शब्द मागे घेतले. ग्लादिस बाईंनी मला कॉफी विचारली नाही.

त्या दिवशी कोनीला सर्दीही होती, हे जाता जाता लिहिते.

सणाला ये. आल्यावर बोलू. निदान भांडू तरी समोरासमोर.

तुझी
ताई

~

वाल्दिव्हिया,
३ ऑक्टोबर २००४

चि. सौ. मिरेयास,
अ. आ. वि. वि.

आलीस, उंबऱ्यात उभी राहिलीस, यास्नाची बॅग घेतलीस आणि गेलीस. मी सणाच्या खिमा भरलेल्या एम्पानादा तळल्या होत्या. तू एकही तोंडात घातली नाहीस. गल्लीत सगळीकडे गाणी, नाच, आणि आमच्या दारात दोन बहिणी मुक्याने उभ्या. यास्नाने जाताना माझ्या गालाला गाल लावला. तू बघत होतीस, म्हणून पटकन लावला. मला तेही दिसलं.

आता जे लिहिते ते वाचून पत्र चुलीत टाक. तुमची बस वळली आणि मला आधी हायसं वाटलं. खरंच वाटलं. घर पुन्हा आमचं झालं. कोनीपुढे कुणी नाही. नेल्सनने सवयीने दोघींसाठी पाव आणले, तर म्हटलं सुटेल सवय. दुसऱ्या दिवशी मी ती खाट काढून भिंतीला उभी केली. गुणगुणत होते मी, मिरेया, काम करताना.

कोनी दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, आई, यास्ना आता येणारच नाही का? मी म्हटलं, बहुतेक नाही. तर म्हणाली, मग तिची जागा मला मिळेल का? ती गेली म्हणजे मी पहिली, हो ना?

काय सांगू तुला. आवाज तिचा होता, शब्द माझे होते. दीड महिना तिला मी चौकोन शिकवत होते असं समजत होते. ती भलतंच शिकत होती. माझा हात उठला होता. मग वाटलं, मारायचं कुणाला? खाली बसले आणि रडले. कोनीही रडली. रडता रडता म्हणाली की रोज झोपताना यास्ना तिला गोष्ट सांगायची, आणि ती गोष्ट अर्धीच राहिली, आता शेवट कुणाला विचारायचा?

मुलाखतीनंतर यास्नाला पंचवीसांत मिळालेली जागा कोनीला मिळत नाही. रिकाम्या जागी पुढचा पात्र मुलगा घेतात, तो कुणी तिसराच असेल. मी विचारून आले. बघ, अजून मी विचारायला जातेच.

सहीला ऑक्टोबर अखेरपर्यंत मुदत आहे. कागद सोबत पाठवते. मी चांगली झाले म्हणून पाठवत नाही. मी बदलले असं म्हणाले तर तूच हसशील. मला अजूनही वाटतं की हे कोनीला मिळायला हवं होतं. पण मिळालंय यास्नाला, आणि ते तिच्याकडून आपण दोघी मिळून काढून घेतोय. तू मायेने, मी जळून. पोरीला दोन्ही सारखंच.

सही केलीस तर बहीण समजेन, नाही केलीस तरी समजेन. तेवढा लोभ माझ्याकडे शिल्लक आहे.

तुझी
तेन्चाताई

~

आचाओ,
१९ ऑक्टोबर २००४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र चुलीत टाकलं नाही.

यास्ना इथे आल्यापासून काही मागत नाही. बटाटे लावायला येते, मेंढ्या बघते, भाकरी करते. परत जायचंय का विचारलं, तर म्हणते, तू म्हणशील तसं. रडली असती, पाय आपटले असते, तर मी जिंकले असते. हे असं शहाण्यासारखं वागणं माझ्या जिव्हारी लागतं. पाहुणीसारखी वागते माझ्याशी. जेवण झालं की आभार मानते! माझे!

परवा ती किनाऱ्यावर जाळी सोडवत बसली होती. मी मागून गेले. बोलण्याचा आवाज आला, वाटलं कुणी मैत्रीण आलीय. कुणी नव्हतं, ताई. एकटीच बोलत होती. एकदा एका आवाजात काहीतरी विचारायची, मग दुसऱ्या आवाजात म्हणायची, नाही, तसं नसणार, कारण असं. मग पुन्हा पहिल्या आवाजात भांडायची. चंद्राविषयी काहीतरी होतं, मला निम्मं कळलं नाही. मी तिथेच थांबले. तुझ्या पत्रातली ती रांग आठवली. टोकाला माणसं विरळ, असं त्या बाई म्हणाल्या ना? मला तेव्हा ते मानाचं वाटलं होतं आणि म्हणून राग आला होता. परवा कळलं की टोकाला उभं राहणाऱ्याला बोलायला कुणी नसतं.

मी तिची आई आहे. तिला न्हाऊमाखू घालू शकते. तिच्याशी त्या दुसऱ्या आवाजात बोलू शकत नाही. तू पण नाही बोलू शकत, याचं जरा बरं वाटतं, खोटं कशाला सांगू? ती पंचवीस मुलं कदाचित बोलतील.

सही केलीय. ओर्लांदोनेही केली, वेडीवाकडी, पण केली. रविवारी ती बसने निघेल. भिंतीला उभी केलेली खाट खाली घाल.

आता माझ्या अटी. केसांना मला विचारल्याशिवाय कात्री लावायची नाही. दर रविवारी तिने मला दुकानात फोन करायचा, निम्मं बेट ऐको नाहीतर सगळं. बटाटे दोघींनी सोलायचे, तिने आणि कोनीने. आणि तू तिची मावशी आहेस. चांगली मावशी हो, पण मावशीच.

नाटकाचं मी उगाच काढलं. काढलं ते खोटं नव्हतं, पण उगाच काढलं.

कोनीला म्हणावं, गोष्टीचा शेवट येतोय.

तुझ्या मायेवर माझाही हक्क आहे, तो सोडलेला नाही.

तुझी
मिरेया

~

वाल्दिव्हिया,
९ एप्रिल २००५

चि. सौ. मिरेयास,
अ. आ. वि. वि.

रविवारी फोनवर तुम्ही मायलेकी एवढं बोलता की मला काही सांगायलाच उरत नाही. तरी आजचं लिहिते, कारण हे ती सांगणार नाही, तिला माहीतच नाही.

आधी कोनी. पुन्हा चाचणीला बसतेस का म्हणून विचारलं, तर स्वच्छ नाही म्हणाली. नदीवरच्या वल्हवणाऱ्यांच्या क्लबात नाव घातलंय तिने. हाताला फोड येतात, भूक लागते, झोप लागते. प्रशिक्षक भेटले तेव्हा माझ्या तोंडाशी आलं होतं, हिचा कितवा नंबर लागेल? जीभ चावली. कोनीने बघितलं आणि डोळे वटारले. वर्गात यास्नाला पहिला नंबर मिळाला की अजून तिचं तोंड उतरतं, दोन दिवस धड बोलत नाही. मग दोघी एकाच खाटेवर पाय पसरून खिदळताना सापडतात. मी मध्ये पडत नाही.

शनिवारी यास्नाला मीच नेते. नेल्सनची टॅक्सी त्या वेळी रिकामी नसते, आणि बसने तिला एकटीला पाठवायला माझं मन धजत नाही. फाटकाच्या आत आयांसाठी बाक आहेत. चांगल्या कपड्यांतल्या बायका असतात, गाडीतून येणाऱ्या. मी दर शनिवारी तिथे बसते आणि दर शनिवारी मनात येतं की आत्ता कुणीतरी बाहेर येईल आणि म्हणेल, बाई, गल्लत झाली होती, आम्हाला तुमची कोन्स्तान्सा हवी होती. कुणी येत नाही. मी पुढल्या शनिवारी पुन्हा नेते.

आज वर्ग सुटला आणि यास्ना एका चष्मेवाल्या मुलाशी हातवारे करून भांडत बाहेर आली. मोठमोठ्याने, मिरेया! आपली यास्ना! तो एक म्हणायचा, ही दोन म्हणायची, दोघांचे चेहरे लाल, आणि दोघं काय खुशीत होती. वर्गात ज्या मुलीला ऐकू येत नाही म्हणत होते ती. माझ्या शेजारी बसलेली बाई बघत राहिली. म्हणाली, काय हुशार मुलगी आहे हो, माझा मुलगा घरी हिच्याशिवाय दुसऱ्या कुणाविषयी बोलत नाही. तुमची का?

हो म्हणायला काय लागत होतं? कुणाला कळणार होतं? तिच्या अंगात मी विणलेला स्वेटर होता. तोंडापर्यंत आलं होतं, मिरेया. तिथे आणि तेवढ्यापुरती ती माझी झाली असती, आणि त्या सगळ्या गाडीवाल्या बायकांनी माझ्याकडे बघितलं असतं.

मी म्हटलं, माझ्या बहिणीची.

पोटात दुखलं. अजून दुखतंय. तरी दोनदा म्हटलं, कारण पहिल्यांदा तिला नीट ऐकू गेलं नव्हतं.

आहे तशीच आहे मी. आहे तशीच माया ठेव.

तुझी
तेन्चाताई